स्मरणशक्तीचे मार्क

माझ्या मुलाला स्मरणशक्तीत कमी मार्क पडले हे मला ईमेलमधून कळलं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद होता म्हणून बरं. तो कॉलेजला जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. अठरा पूर्ण व्हायचे होते, म्हणून अजून सगळं आई-वडिलांकडे येत होतं. तिथे फुटबॉलच्या टीममधल्या प्रत्येक मुलाची सीझनआधी एक परीक्षा घेतात. कॉम्प्युटरसमोर बसवतात, शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात आणि थोड्या वेळाने विचारतात, यातलं काय पाहिलं होतंस. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि पहिल्या मार्कांशी ताडून बघायची. तिथपर्यंत पोचला तर खेळायला मोकळा. त्या पहिल्या मार्कांना बेसलाइन म्हणतात. हे सगळं त्या ईमेलमध्ये नीट समजावून लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही. मी मार्क वाचले. त्याच्या वयाच्या मुलांची रांग लावली तर माझा मुलगा शेवटून शोधायला सोपा, असा त्यांचा अर्थ होता.

आता हा मुलगा कोण, ते सांगते. आमच्या घरात कुठलीही गोष्ट विसरायची सोय नव्हती, कारण हा होता. पासपोर्ट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत, कुठल्या काकूंना शेंगदाणे चालत नाहीत, मागच्या दिवाळीला कोणी कुठली मिठाई आणली होती आणि ती आपण पुढे कोणाला देऊन टाकली, सगळं त्याला विचारायचं. इथे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, दर रविवारी मी मराठी शाळा घेते. तिथे तो सात वर्षांचा असताना एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणायचा आणि इतर मुलं अडली की त्यांना पुढचा आकडा सांगून त्यांच्या आयांचा रोष ओढवून घ्यायचा. बोलायचा मात्र इंग्रजीतच. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. पाढे मराठीत आणि भांडण इंग्रजीत, असा आमचा मायलेकांचा व्यवहार होता.

मी चिडले की माझ्या तोंडी नागपूर येतं. त्याला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काऊन कमी आले?"

"आई, इट्स नॉट दॅट काइंड ऑफ टेस्ट."

"टेस्ट ती टेस्ट. आणि मेमरीत? तुला? झोपला होतास का?"

"प्लीज, लीव्ह इट. एव्हरीबडीज इज लाइक दॅट."

"सगळ्यांचं मला सांगू नको."

संध्याकाळी नवरा शिकागोच्या ट्रेनने घरी आला. तो पुण्याचा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत आधी विनोद दिसतो. "अगं, फुटबॉलच्या टीमला त्याची मेमरी कशाला हवीय? त्यांना त्याचं वजन हवंय," असं म्हणून तो जेवायला बसला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी टीमच्या ट्रेनरला फोन केला. ट्रेनर म्हणजे व्यायाम घेणारी नव्हे, दुखापती बघणारी. तरुण मुलगी होती, आवाजावरून माझ्या भाचीच्या वयाची. मी तिला सांगितलं की काहीतरी चूक झालीय, याची परीक्षा पुन्हा घ्या.

तिने विचारलं, "तुम्हाला ती पुन्हा घेतलेली हवीय?"

"हो. तो याहून पुष्कळ हुशार आहे."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "या वेळी मी स्वतः त्याच्या समोर बसते."

मला ती मुलगी फार आवडली. शिकलेल्या घरातल्या आईची कदर करणारी कोणीतरी भेटली, असं वाटलं. पुन्हा परीक्षा झाली आणि मार्क आले ते थेट रांगेच्या दुसऱ्या टोकाचे. मी लगेच स्क्रीनशॉट काढून नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मामांनी हात जोडले, मावशीने ट्रॉफी पाठवली, कोणीतरी विचारलं की ही परीक्षा आयआयटीला चालते का. मुलाने दोन आठवडे माझा फोन उचलला नाही. मला वाटलं, वय आहे.

तो फुटबॉलमध्ये गेला कसा, हे आम्हाला इथल्या महाराष्ट्र मंडळात अजून विचारतात. अमेरिकन फुटबॉल. नावात पाय असला तरी खेळायचा जास्त डोक्याने, आणि इथे मी बुद्धीबद्दल बोलत नाही. आमचा मुलगा लहानपणापासून अंगाने दणकट होता. हायस्कूलच्या कोचने त्याला कॉरिडॉरमध्ये चालताना पाहिलं आणि तिथेच थांबवलं. त्याची जागा लाइनमध्ये होती. बॉल त्याच्या हातात कधीच यायचा नाही. बॉल हलला की समोरच्या तेवढ्याच दांडग्या मुलाला अडवायचं, मागे कोणीतरी बॉल घेऊन पळतं त्याला जागा करून द्यायची, आणि उठून पुन्हा वाकून उभं राहायचं. दिवसभर तेच. सुरुवातीला मला हा खेळ फार आवडला, कारण त्यात मुलाने खायला हवं होतं. इकडच्या आया आपल्या मुलांच्या मागे ताट घेऊन धावतात, माझा स्वतः मागायचा. कोचने वजन वाढवायला सांगितलं तेव्हा मी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, साजूक तूप पातेल्याने कढवलं. "बाळंतिणीचा खुराक चाललाय," नवरा म्हणायचा आणि स्वतःही दोन लाडू उचलायचा. ते दिवस चांगले होते. मी ते नाकारणार नाही.

कॉलेज आयोवातलं, मक्याच्या शेतांच्या मधोमध. छोटं, जुनं. त्यांच्या जिमच्या कॉरिडॉरमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या टीमचे फोटो लावले होते. मॅच संपली की मुलं आंघोळ करून येईपर्यंत आम्ही आई-वडील तिथे उभे असायचो, त्यामुळे मला ते फोटो पाठ झाले. मधोमध भांग पाडलेली पोरं, जाड लोकरीचे स्वेटर, वाकडी झालेली नाकं, डोक्यावर काही नाही. एकाच्या फोटोखाली चार ओळी होत्या. तो माझ्या मुलाच्याच जागेवर खेळायचा. चार सीझन खेळला, एकदाही मैदानाबाहेर बसला नाही, नंतर काही वर्षं शाळेत शिकवलं, आणि पुढचं आयुष्य बहिणीच्या शेतावर शांतपणे घालवलं. मला तो आवडायचा. माझ्या मुलासारखेच त्याचेही कान मोठे होते. शेवट शांतपणे गेला म्हणजे नशीबवान, असं मी नवऱ्याला म्हणालेही होते.

दुसऱ्या वर्षी मुलगा पहिल्या अकरांत आला. ऑक्टोबरचा शनिवार, दुपारची मॅच, स्वच्छ ऊन. माझ्या शेजारी नेहमीप्रमाणे त्याच्या बाजूला खेळणाऱ्या लाइनमनची आई बसली होती. ती तिथल्याच शेतकरी घरातली, मनाने मोकळी बाई. थंडी पडली की स्वतःच्या मांडीवरचं ब्लँकेट माझ्या मांडीवर ओढायची. ज्या टकरीबद्दल लोक मला नंतर विचारत राहिले ती मी पाहिली, पण त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तसल्या टकरी त्या दिवशी कितीतरी झाल्या. तो पडला, उठला, जागेवर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने कोचने त्याला बाहेर घेतलं. दमला असेल, असं आम्ही धरून चाललो.

मॅच संपल्यावर तो आमच्याकडे चालत आला. मी पराठ्यांचा डबा उघडून उभी होते. तो म्हणाला, "आई, गाडी कुठे लावलीस?"

मराठीत. स्वच्छ, अडखळल्याशिवाय, 'लावलीस' म्हणून. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का?" इतकी वर्षं मराठी शाळा चालवते, दुसऱ्यांची मुलं शिकवते, आणि माझा स्वतःचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी आपणहून मराठीत बोलला. मी त्याला सांगितलं, तिकडे झाडाखाली लावलीय. त्याने मान हलवली, पराठा घेतला आणि विचारलं, "आई, गाडी कुठे लावलीस?" मी हसले. सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, आणि माझ्या हातातला डबा मी कुणाकडे दिला ते मला आठवत नाही.

हॉस्पिटलच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. हे वाक्य पुढे मला इतके जण इतक्या प्रेमाने ऐकवत राहिले की मला त्याचा संताप यायला लागला. निघालं नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच असतं? चार दिवसांनी तो फोनवर पुन्हा इंग्रजीत बोलायला लागला, आणि घरात नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघून सुटकेचा निःश्वास टाकला. मराठी बोलणं बंद झालं म्हणून आनंद मानणारी मी कदाचित जगातली एकमेव मराठी शिक्षिका असेन.

मग परीक्षा. ट्रेनरने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि तो आपल्या बेसलाइनच्या आसपासही गेला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. तेव्हाही नाही. प्रत्येक परीक्षेनंतर तो आम्हाला फोन करायचा, 'नेक्स्ट वीक' म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. अठरा पूर्ण झाल्यापासून कॉलेज आम्हाला काहीही सांगायला बांधील नव्हतं, जे कळायचं ते त्याच्याकडूनच. फी आम्ही भरायची, डबे आम्ही पोचवायचे, पण मुलाच्या डोक्याचं काय झालं ते विचारायचा हक्क नाही. त्या कायद्यावर मी त्या दिवसांत जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

सीझन संपायच्या आधी त्या शेजारच्या बाईच्या मुलालाही मार बसला. तो चक्कर येऊन खाली बसलेला मी स्वतः पाहिला होता. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी तो मैदानात होता. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आम्ही मुलाच्या टीमसाठी म्हणून अजून मॅचना जात होतो. मी तिला विचारलं, कोणत्या डॉक्टरला दाखवलंत? काय दिलं?

ती हसली. अगदी निर्मळ हसली. म्हणाली, डॉक्टर कशाला, पहिल्या परीक्षेत पोरं मुद्दामच अर्धवट उत्तरं देतात. त्याच्या बाबांनी त्याला घरूनच सांगून पाठवलं होतं, मार्क खाली ठेव म्हणजे नंतर वर चढायला लागत नाही. सगळेच करतात. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. कोणीतरी नक्की सांगितलं होतं. सगळ्यांचे असेच असतात, असं तो मला फोनवर सांगत होता आणि मी त्याला सगळ्यांचं सांगू नको म्हणाले होते.

मंडळात ही गोष्ट पसरली तेव्हा सगळे माझी पाठ थोपटू लागले. तुम्ही पुन्हा परीक्षा घ्यायला लावली नसती तर तो तसंच डोकं घेऊन परत खेळला असता, तुमच्यामुळे वाचला. नवराही हेच म्हणतो. बरोबर आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोन करेन, मला त्याची खंत नाही. पण दुसरी बाजू कोणी बोलत नाही. त्या बाईचा मुलगा उठतो, जेवतो, हसतो, खेळतो. त्याचं काही गेलं असेल तर ते तिला कधीच कळणार नाही. आधी तो किती होता हे कुठेच नोंदलेलं नाही. ती सुखाने झोपू शकते. माझ्याकडे माझा मुलगा आधी किती होता आणि आता किती आहे, हे दोन्ही आहे. मी ते हट्टाने मागून घेतलंय, आणि नागपूरच्या ग्रुपवर मामांचे जोडलेले हात अजून त्याच्याखाली आहेत.

सेमिस्टर सोडून तो घरी आला. त्या हिवाळ्यात नेपरव्हिलला बर्फ थांबायचं नावच घेत नव्हतं आणि त्याला उजेड सहन होत नव्हता, बर्फावरचा तर अजिबातच नाही. खोलीचे पडदे लावलेले, जेवायच्या टेबलाशी काळा चष्मा. एकदा नवऱ्याने सवयीने त्याला विचारलं, "अरे, पासपोर्ट कुठल्या ड्रॉवरमध्ये?" तो उठला, एक ड्रॉवर उघडला, मग दुसरा, मग तिसरा. नवरा घाईघाईने म्हणाला, "राहू दे, राहू दे, मला काही आत्ता लागत नाहीत." त्याने सगळे ड्रॉवर उघडे टाकले आणि वर निघून गेला.

मी देवाधर्माची नाही. त्या हिवाळ्यात झाले. नागपूरहून ब्राह्मीचं तेल आणवलं, बदाम भिजवले, अक्रोड चारले, मंदिरात जाऊन नवस बोलले आणि तो नीट बोलता आला की नाही या काळजीने परत जाऊन पुन्हा बोलले. रोज सकाळी त्याला पाढे म्हणायला लावायचे. बिचारा म्हणायचा, मला खूश ठेवायला. बाराचा आला, सतराचा आला. एकोणतीसच्या पाढ्यात मधेच थांबला. मी पुढचा आकडा सांगितला नाही, वाट बघितली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी बाथरूममध्ये गेले आणि पंखा लावून रडले. पंखा लावला की बाहेर ऐकू जात नाही. इकडच्या घरांची तेवढी सोय आहे.

मोठ्या न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी दिवसभर तपासण्या केल्या आणि सांगितलं, सगळं नॉर्मल रेंजमध्ये आहे. त्याच्या वयाच्या मुलांमध्ये अगदी अ‍ॅव्हरेज. काळजी एकच, दुसरा असा मार बसता कामा नये, त्यातून तो कितपत बाहेर येईल ते सांगता येणार नाही. परत येताना नवऱ्याने नॉर्मल हा शब्द घट्ट धरून ठेवला.

"अगं, अ‍ॅव्हरेज म्हणजे काय वाईट आहे? मी अ‍ॅव्हरेजच आहे की."

"तू जन्मापासून आहेस!"

हे मी ओरडून बोलले, मागच्या सीटवर मुलगा बसलेला असताना. नवऱ्याने पुढच्या एक्झिटला गाडी घेतली, एका पेट्रोल पंपाशी थांबवली आणि उगाचच काच पुसत बसला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे मला दिसत होतं, पण त्या दिवशी मला त्याची दया आली नाही.

कॉरिडॉरमधल्या त्या मोठ्या कानांच्या मुलाची मला पुष्कळदा आठवण यायची. बहिणीच्या शेतावर शांतपणे. आता मला ती ओळ कळली होती. सकाळी त्याच्या बहिणीने त्याच्या शर्टाची बटणं लावली असतील, आणि संध्याकाळी तो मक्यात हरवू नये म्हणून ती दारात उभी राहत असेल. तिचा फोटो कुठेच नव्हता.

बर्फ वितळायला लागल्यावर एक दिवस तो चष्म्याशिवाय जेवायला आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळलेला दिसला. मी पोळी वाढत होते. तो म्हणाला, इंडियानातलं एक कॉलेज त्याला घ्यायला तयार आहे. त्यांना लाइनमन हवेत. एक डोक्याची दुखापत झाली होती, आता डॉक्टर नॉर्मल म्हणतात, एवढं त्याने त्यांना सांगितलंय. ते आपली नवी बेसलाइन घेणार आणि ऑगस्टपासून तो खेळणार.

पोळी माझ्या हातातच राहिली. नवी बेसलाइन. म्हणजे आज जेवढा उरलाय तेवढाच तिथे पूर्ण धरला जाणार, आणि पुढचा मार त्यातून वजा होणार. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी त्याला ओरडून सांगितलं. नवऱ्याने समजावलं. मी पाया पडते म्हणाले, आणि खरंच खाली वाकले. तो उठून उभा राहिला.

"यू कान्ट स्टॉप मी, आई. आयॅम अ‍ॅन अ‍ॅडल्ट."

"पण कशाला? कशाला रे? खेळून काय मिळणार आहे तुला?"

त्याने खुर्ची आत सारली. मग म्हणाला, "देअर, नोबडी नोज हाऊ आय वॉज बिफोर. हिअर एव्हरीवन नोज. यू नो. एव्हरी टाइम यू लुक अ‍ॅट मी, यू कंपेअर."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या नव्या कॉलेजला फोन केला. तिथल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे, आणि म्हणाला की आईची काळजी समजू शकतो, पण निर्णय खेळाडूचा आणि डॉक्टरांचा. त्याच्याकडे डॉक्टरांचा नॉर्मल होता. मी जुने मार्क पाठवू का विचारलं. तो म्हणाला, ते मुलाने स्वतः पाठवले तर बघता येतील. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून राहिले. शेवटी मुलापुढे हात टेकले.

त्या परीक्षेला मीच त्याला घेऊन गेले. सलग गाडी चालवली की त्याचं डोकं दुखायचं. जो मुलगा तीन तास स्टिअरिंग धरू शकत नव्हता तो ऑगस्टपासून डोक्याने माणसं अडवणार होता, आणि हे कोणालाच विचित्र वाटत नव्हतं. तिथे पोचल्यावर तो आत गेला, मी गाडीत थांबले. समोर मैदान होतं, हिरवंगार, नुकतं कापलेलं, त्यावर कोणी नव्हतं. मी मनात म्हणत होते की तो नापास होवो. मग लक्षात आलं की या परीक्षेत नापास होताच येत नाही. जे येतील ते मार्क.

तो बाहेर आला तो हळू चालत. दार उघडून बसला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आय डिडन्ट फेक इट, आई. आय रिअली ट्राइड. आय वॉन्टेड टु सी." मग त्याने मार्क सांगितले. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. त्यांना चालणार आहेत, तो म्हणाला. म्हणाले ऑल गुड. फक्त फॉर्मवर सही करून पाठवायची.

त्याने ती सही केली नाही, आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला राहायला नको. मी जिंकले, असं म्हणायचं तर म्हणा. आता तो इथल्या कम्युनिटी कॉलेजात एका वेळी एकच विषय घेतो आणि दुपारी झोपतो. पण त्या गाडीत हे काही ठरलेलं नव्हतं. तिथे तो मार्क सांगून माझ्याकडे बघत होता आणि मी काय म्हणते याची वाट बघत होता. आयुष्यभर पाहत होता तसाच. पंच्याण्णव मिळाले की मी पाच कुठे गेले विचारायचे, तेव्हा ज्या तोंडाने तो भांडायच्या तयारीत उभा राहायचा, अगदी त्याच तोंडाने.

मी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान आहेत की."

त्याच्या चेहऱ्यावरचं भांडण हळूहळू उतरत गेलं आणि त्याच्या खाली जे होतं ते मला दिसलं. इतके महिने ट्रेनरने सांगून, डॉक्टरांनी सांगून, कॉम्प्युटरने आकड्यांत दाखवून जे त्याला पटलं नव्हतं, ते माझ्या त्या दोन शब्दांनी पटलं. त्याने अंग चोरून घेतलं. एवढा मोठा मुलगा, गाडीच्या सीटमध्ये न मावणारा.

"आई," तो म्हणाला, मराठीत, "रागाव ना."

मी खूप प्रयत्न केला. मला राग येईना.